वाढत्या अंगाचं युकुलेले

शाहूपुरीतल्या जोतीराम टेलरकडं कधी गेला असाल, तर तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही पायरीवर चप्पल काढेपर्यंत ह्या माणसानं तुमची छाती, कंबर, खांदा सगळं नजरेनंच मोजलेलं असतं. टेप गळ्यात लोंबत असतो, पण तो आपला शोभेला. "पावणं, कंबर छत्तीस. मागच्या दिवाळीला चौतीस आसंल," असं तोंडावर सांगून मोकळे होतील, मग तुम्ही खुशाल राग माना. लग्नात जेवायला बसले तरी नजर नवरदेवाच्या कोटावर. "डावा खांदा अर्धा इंच उतरलाय," एवढं पुटपुटल्याशिवाय जिलेबीला हात लावायचे नाहीत. त्यांचं माप चुकलंय असं चाळीस वर्षांत कुणी म्हटलेलं नाही, निदान त्यांच्यासमोर तरी नाही.

धंदा शाळेच्या गणवेशांचा. जून उजाडला की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आया पोरांना दंडाला धरून उभं करणार आणि सगळ्यांचं वाक्य एकच, "मामा, वाढत्या अंगाचं शिवा." मामा मान हलवणार. बाहीला दोन इंच जादा, उंचीला तीन, कमरेला आत चांगला चार बोटं पट्टा दुमडलेला. पोर वाढेल तशी शिवण उसवायची आणि आतलं कापड सोडायचं. त्यांनी शिवलेली चड्डी घालून पोर दुसरी, तिसरी, चौथी पास होतं. बाही बोटांच्या खाली लोंबतेय, कॉलरमध्ये मान हरवलीय, असं एखादं ध्यान आरशासमोर उभं राहिलं की मामांना फार बरं वाटायचं. आईबापाच्या कष्टाचं एक वीतभर कापडही वाया जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा होता.

तर अशा जोतीराममामांच्या नातीला, मोनाला, युकुलेले पाहिजे होतं. मोना चौथीत. शाळेत त्या वर्षी युकुलेलेचा तास सुरू झाला होता. चार तारांचं वाद्य, दिसायला गिटारच्या धाकट्या भावंडासारखं. शाळेत चार नग आणि वाजवणारी पोरं तीस, त्यामुळं हातात येऊन बोटं जरा कुठं बसताहेत तोवर दुसरं पोर हिसकावून घ्यायला तयार. तरी बाईंनी मोनाचा कान हेरला आणि जाहीर केलं की गॅदरिंगच्या गाण्याची सुरुवात मोना एकटी वाजवून करेल. पोरगी घरी आली ती उड्या मारतच. त्या दिवसापासून चपातीचं लाटणं, टीव्हीचा रिमोट, आजीची फणी, जे हातात येईल ते छातीशी धरून ती वाजवायला लागली.

तिचा बाप, म्हणजे मामांचा मुलगा विजयसिंह, म्हणाला, "फोनवरनं मागवतो की एक." उद्यमनगरात लेथ मशीनवर काम करणारा हा माणूस, दिवसाला चार वाक्यं बोलला तर लई झालं. त्यातलं एक त्यानं इथं खर्च केलं आणि मामा उखडले.

"हातात न धरता वस्तू घ्यायची? बायकोचं ब्लाऊज फोनवरनं मागवलंस तवा काय झालं ते इसरलास व्हय?"

ते ब्लाऊज कुणीच विसरलं नव्हतं. शालूबाई, म्हणजे मामांच्या घरच्या, तोंडाला पदर लावून आत गेल्या. युकुलेले आणायचं काम मामांनी स्वतःकडं घेतलं. मोनाचा वाढदिवस आठ दिवसांवर होता, तोवर तिला कळू द्यायचं नाही असं ठरलं.

मामांच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडं नौमानचं वाद्यांचं दुकान आहे. त्याचा बाप तबल्याला शाई लावायचा, पेटीचे सूर जुळवायचा. नौमाननं त्यात गिटार आणि युकुलेले आणून टांगली. अंगानं आडवातिडवा गडी, एकेक बोट गाजराएवढं. त्याच्या लग्नाची शेरवानी मामांनीच शिवली होती, त्यामुळं मामा आत शिरताच त्यानं स्वतःचं स्टूल पुढं सरकवलं.

मामांनी आधी लाकडाचा समाचार घेतला. समोर टांगलेल्या गुलाबी, चकचकीत युकुलेलेला त्यांनी बोट लावलं आणि त्याच्या पोटावरच्या गोल भोकाची कड नखानं चाचपली. मग चष्मा कपाळावर सरकवून तिथं डोळा लावला.

"नौमान, ह्ये वरनं चिकटवलंय. कड बघ की. तीन थर दिसत्यात. कापडावर छापलेलं डिझाईन आसतंय तसं. उलटं केलं की कळतंय."

"मामा, मानलं तुम्हाला. प्लाय हाय ते. गिऱ्हाईक रंग बघून घेतंय, कडंला कोण बघत न्हाई."

मग त्यानं आतलं एक काढलं. महोगनीचं, तांबूस तपकिरी, बिनभपक्याचं. ह्याच्या भोकाच्या कडेला वरची रेघ तशीच आत उतरलेली होती, म्हणजे अख्खं लाकूड. नौमाननं आधी गुलाबीवर आणि मग ह्याच्यावर अंगठा फिरवला. गुलाबी नुसतंच वाजलं. महोगनीचा सूर मात्र दुकानात जरा वेळ रेंगाळला. मामांनी वाद्याच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बोटानं तपासली, कुठं टोचत नव्हती. तारा पिळायच्या खुंट्या फिरवून पाहिल्या. नौमान म्हणाला की नव्या तारा आठवडाभर ताणत राहतात, रोज जुळवाव्या लागतील. मामांना त्याचं नवल वाटलं नाही. कोरं कापड शिवायच्या आधी भिजवून आटवावं लागतं, त्यातलाच हा प्रकार.

इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मग मापाचा विषय निघाला.

नौमाननं काउंटरवर चार युकुलेले ओळीनं मांडली. सगळ्यात बारकं सोप्रानो, मग कॉन्सर्ट, मग टेनर, आणि शेवटी दांडगं बॅरिटोन. "पोरीचा हात केवढा हाय मामा? तिला घेऊन या की एकदा. हातात दिल्याबिगार कळत न्हाई."

आता हे वाक्य दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर चाललं असतं.

"जोतीरामला माप घ्यायला माणूस आणावं लागतंय व्हय? माझ्या नातीचं मनगट मला ठावं न्हाई?"

"तसं न्हाई मामा. नऊ वर्षांच्या पोरीला सोप्रानो बरं पडंल. फार तर कॉन्सर्ट."

मामांनी सोप्रानो उचललं. तळहातावर मावेल असं ते खेळणं बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हे तर पोरगी पाचवीत जाईतो आखूड पडेल. त्यांनी ते खाली ठेवलं, कॉन्सर्टवरून नजर फिरवली आणि टेनरवर हात टेकला.

"ह्ये दे."

"मामा, ऐका की जरा..."

"वाढतं अंग हाय तिचं," मामा म्हणाले. चाळीस वर्षं हे वाक्य ऐकून त्यांनी मान हलवली होती, आज स्वतः उच्चारताना त्यांना फार ऐटीत वाटलं. नौमाननं महोगनीचं टेनर पिशवीत घातलं. मोठ्या माणसाशी, त्यात स्वतःची शेरवानी शिवणाऱ्याशी, किती वाद घालणार?

वाढदिवसाला मोनानं पिशवी उघडली आणि मामांच्या गळ्यात पडली. मामांची छाती अशी फुगली की त्यांचाच सदरा त्यांना दोन इंच कमी पडला असता. पोरगी ते वाद्य उशाशी घेऊन झोपली. शालूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. पूर्णिमानं, म्हणजे सुनेनं, फोटो काढून सगळ्या पावण्यारावळ्यांना पाठवले. चार दिवस घरात सणच होता.

पाचव्या दिवशी सूर बिघडला. एका बोटानं वाजणारं होतं ते वाजायचं. पण गाण्यात एक 'जी' नावाचा सूरमेळ होता, त्याला तीन बोटं तीन तारांवर एकदम दाबायची होती. ती जागा मोनाच्या हाताला लांब पडायची. दोन बोटं बसवली की तिसरं घसरायचं. तिसरं ताणून पोचवलं की दाबायला जोर उरायचा नाही, आणि सूर निघायच्या ऐवजी नुसतं थप्प वाजायचं. पोरगी रोज शाळेतून आली की दप्तर टाकून त्याच एका जागी अडकायची. बोटांच्या टोकांना वळ उठले. घरचं आलंय म्हटल्यावर शाळेतलं वाद्यही तिच्या वाट्याला येत नव्हतं.

"व्हईल सवय," मामा म्हणायचे. "वरीसभरात बोटं वाढतील की."

पण गॅदरिंग वर्षभरानं नव्हतं, पंधरा दिवसांवर होतं. शनिवारी बाईंनी सांगितलं की सोमवारपर्यंत ज्यांचा 'जी' स्वच्छ येणार नाही त्यांनी मागं उभं राहून गायचं, आणि सुरुवातीला मोनाच्या जागी दुसरं कुणीतरी वाजवेल. दुपारी सगळे जेवायला बसले होते. मोनानं युकुलेलेच्या पिशवीची चेन ओढून बंद केली, ती भिंतीला टेकवली आणि ताटावर येऊन बसली.

"मी बाईंना सांगणाराय, मला न्हाई वाजवायचं. मी मागं उभी राहते," ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं मामांना वाटून गेलं. आणि वाईट वाटलं की हा माणूस ओरडतो.

"एवढ्यात हरलीस व्हय? चांगल्यातलं चांगलं लाकूड आणून दिलंय. जरा मोठी हो की."

तेव्हा विजयसिंह बोलला. आवाज चढवला नाही, भातावर आमटी ओतत ओतत बोलला.

"आबा, माझी पाचवीतली चड्डी आठवतीय?"

"कंची चड्डी?"

"शाळेच्या शर्यतीत मी सगळ्यांच्या म्होरं हुतो. चड्डी खाली यायला लागली. एका हातानं ती धरून पळालो आन चौथा आलो. सगळं मैदान हसत हुतं. तुम्ही बी हसत हुता."

मामांना ती शर्यत चांगली आठवत होती. चड्डी धरून पळणाऱ्या पोराची गोष्ट त्यांनी गिऱ्हाइकांना किती वेळा रंगवून सांगितली होती. पोर तेव्हा रडलं होतं का, हे त्यांना काही केल्या आठवेना.

"सातवीत ती चड्डी अंगाला बराबर बसली," विजयसिंह म्हणाला. "पर तवर तिचा रंग गेलता, मागं ठिगळ लागलंतं. नवी हुती तवा बसली न्हाई, आन बसली तवा नवी न्हवती. माझं सगळंच तसं झालं, आबा. पोरीचं नको करूया."

एवढं बोलून त्यानं भात कालवला. त्याच्या चार दिवसांच्या वाटणीचं बोलणं एका दमात संपलं होतं. शालूबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मामा काहीतरी तिखट बोलतील म्हणून सगळे थांबले होते, पण मामा हात धुवायला उठले.

त्या दुपारी जोतीराम टेलरनं एका शर्टाची काजं उलट्या बाजूला पाडली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. ते त्या शर्टाकडं बघत बसले. पोराला खूप दिवस पुरावं म्हणून जे केलं, ते पोराला कधी मिळालंच नाही, हे त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं. आपण कंजूष नव्हतो, आपला जीव होता पोरावर, हेही खरं होतं. पण त्यानं ती चड्डी घट्ट होत नव्हती.

रविवारी सकाळी त्यांनी चहा घेतला न घेतला आणि हाक मारली, "मोना, चप्पल घाल."

नौमान नुकताच शटर वर करत होता. मामांच्या हातातली पिशवी बघून त्याला सगळं कळलं असणार, पण गडी शहाणा, हसला नाही. मामा काउंटरसमोर उभे राहिले. घसा खाकरला. गळ्यातला टेप सरळ केला, परत वाकडा केला.

"नौमान, माझं माप चुकलं."

हे चार शब्द बोलायला त्या माणसाला घरापासून दुकानापर्यंतची वाट पुरली नव्हती. नौमाननं पिशवी हातातून घेतली.

"बसा मामा. आधी चहा घ्या. माप काय, दुरुस्त करता येतंय."

ह्या वेळी मामांनी टेप वापरला. मोनाला पंजा फाकवायला लावला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत टेप धरला. पाच इंच आणि वर एक दोरा. नौमाननं कॉन्सर्ट काढून दिलं. मोनानं तीन बोटं बसवली. एकदा सूर आला, एकदा थप्प वाजलं, परत आला. "जमतंय की," मामा पटकन म्हणाले, कारण सवय कुठं एका रात्रीत जाते? मधलं माप, म्हणजे दोनेक वर्षं तरी... आणि तेवढ्यात त्यांची नजर पोरीच्या खांद्यावर गेली.

डावा खांदा वर चढला होता. बोट ताणलं की खांदा कानाकडं जायचा. अंगरखा काखेत दाटला की माणूस असाच खांदा उचलतो, आणि तोंडानं मात्र 'बसलाय, बसलाय' म्हणतो. मामांनी असे हजार खांदे पाहिले होते. चुकीचं माप लपवता येत नाही, ते खांद्यावर दिसतं.

"काढ ते. बारकं दे," मामा म्हणाले. "पर लाकूड अख्खं पायजे."

नौमाननं आतल्या कपाटातून एक सोप्रानो आणलं, महोगनीचंच, जरा गडद. मामांनी भोकाची कड तपासली, टोकं चाचपली आणि ते मोनाच्या हातात दिलं. तिनं ते कोपराच्या बेचक्यात धरलं. तीन बोटं तीन जागी जाऊन बसली, कुणी ओढली नाहीत, कुणी ढकलली नाहीत. तिनं अंगठा फिरवला.

सूर आला. स्वच्छ, गोल, सगळ्या तारा एकदम बोलल्या. मोनानं चमकून आजोबांकडं पाहिलं आणि लगेच परत वाजवला. परत आला. तिचे दोन्ही खांदे खाली होते, आणि ओठांची एक कड वर गेली होती.

"खांदा बसला," मामा हळूच म्हणाले. मग राहवेना म्हणून त्यांनी विचारलंच, "आन ही मोठी झाल्यावर रं? आखूड पडंल न्हवं?"

नौमाननं मोनाकडून ते वाद्य मागून घेतलं. त्याच्या पंजात ते जवळजवळ दिसेनासंच झालं, पण ती गाजराएवढी बोटं त्या मानेवर अशी काही पळाली की पायरीवरून जाणारी दोन माणसं थांबली.

"मामा, नव्वद किलोचा हाय मी. घरात ह्येच माप वाजवतो. ह्ये कापड न्हवं. माणूस वाढलं म्हणून ह्ये आखूड पडत न्हाई."

"मग त्या दिवशी सांगायचं न्हाईस व्हय?"

"सांगत हुतो की. तुम्ही ऐकताय व्हय कुणाचं?"

मोना खुदकन हसली. मग मामाही हसले, पोट धरून हसले, डोळ्यांत पाणी येईतो. मोठं वाद्य परत घेऊन नौमाननं बारक्याबरोबर तारांचा एक जादा संच आणि तिच्या मापाची काळी पिशवी दिली. परत येताना पोरगी रस्ताभर पुढं पुढं पळत होती आणि मामा मागून, "आगं गाडी बघ, गाडी," म्हणत होते.

सोमवारी शाळेतून आल्या आल्या तिनं दारातूनच सांगितलं की सुरुवात तीच करणार. गॅदरिंगला मामा दुसऱ्या रांगेत बसले होते, इस्त्रीच्या धोतरात. पडदा सरकला. एवढ्या मोठ्या स्टेजवर एवढीशी मोना एकटी पुढं आली, बारकं युकुलेले छातीशी धरलं आणि वाजवायला लागली. 'जी' आला तेव्हा मामांनी श्वास रोखला, आणि तो असा सहज येऊन गेला की बाकी कुणाला त्यात काही अवघड असल्याचं कळलंही नसेल. मामा रडले. त्यात लपवायचं काय? चांगले घळाघळा रडले आणि धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. शेवटी टाळ्या सुरू झाल्या तेव्हा दोन बोटं तोंडात घालून सगळ्यात मोठी शिट्टी कुणी मारली असेल? विजयसिंहनं. शालूबाई बघतच राहिल्या.

पुढच्या रविवारी विजयसिंह डबा द्यायला दुकानात आला. मामांनी हातातली कात्री खाली ठेवली. फळीवरून शर्टाचं नवं कोरं कापड काढलं, फिकट निळं, बारीक रेघेचं.

"विजा, हुबा ऱ्हा."

"मला कशाला आबा? हायत की शर्ट."

"हुबा ऱ्हा म्हणतोय न्हवं."

तो उभा राहिला. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, कानाजवळ पिकायला लागलेला, पाचवीतल्या पोरासारखा हात बाजूला धरून सरळ उभा राहिला. मामांनी नजरेवर काम भागवलं नाही. गळ्यातला टेप काढला आणि एकेक माप सावकाश घेतलं, खांदा, छाती, बाही, मनगट, आणि खांदा परत एकदा. ह्याच्या खांद्याला आपण इतक्या वर्षांत हात लावला नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी कापड कापायच्या टेबलावर पसरलं आणि खडू उचलला.

"किती सैल ठिवताय?" विजयसिंहनं विचारलं. हसत विचारलं, पण डोळे बापाच्या हातावर होते.

मामांनी खडू कापडावर टेकवला.

"आज जेवढा हाईस तेवढाच," ते म्हणाले, आणि त्यांनी रेघ ओढली.